पाचशेच्या आत-बाहेर : मुंबईतल्या एका टेनिसपटूचं प्रकरण

खेळाडू आणि त्यांच्या घरच्यांना पैशांच्या आणि करिअरच्या निर्णयांत मदत करणं हे माझं काम. हे प्रकरण त्यातलंच आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून वय, क्रमांक आणि रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत, आणि काही स्पर्धांची व संस्थांची नावं गाळली आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

कुटुंब पार्ल्याचं, पूर्वेचं. वडील राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, आई माध्यमिक शाळेत शिक्षिका. थोरली मुलगी सीए, लग्नानंतर पुण्याला. धाकटा मुलगा आठव्या वर्षी जिमखान्यात टेनिसला जाऊ लागला. चौदाव्या वर्षापर्यंत राज्यात त्याचं नाव झालं आणि सोळा वर्षांखालच्या गटात तो देशातल्या पहिल्या दहांत आला.

मुंबईत टेनिस खेळणाऱ्या मुलाचा दिवस कसा जातो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर कोर्ट सभासदांचं. ज्याला यातून पोट भरायचं आहे त्याला मिळते मधली वेळ, म्हणजे दहा ते चार, डोक्यावर ऊन घेऊन. जूनपासून चार महिने पाऊस. छत असलेली कोर्टं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांचं तासाचं भाडं परवडत नाही. म्हणून पावसाळ्यात एक तर बाहेरगावी सराव, नाहीतर परदेशी स्पर्धा.

२०१६मध्ये बारावी झाली आणि पहिला मोठा निर्णय समोर आला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली होती, पण अर्धीच. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांत पुरुषांच्या टेनिस संघाला तेव्हा मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असत, आणि प्रशिक्षक त्या आठ-दहा मुलांत वाटत. उरलेला खर्च वर्षाला वीस लाखांच्या पुढे जात होता. वडिलांचं म्हणणं, तेवढ्यात मुलगा थेट स्पर्धा खेळेल. त्याचे टेनिसचे सर म्हणाले, चार वर्षं वाया जातील. मुलाला खेळायचंच होतं. पार्ल्यातल्याच एका कॉलेजात कॉमर्सला नाव घातलं आणि दुसऱ्या वर्षी हजेरीअभावी ते सुटलं. त्या दिवशी घरात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. पुढे ही गोष्ट फार महागात पडली.

पैसा कुठून आला? २०१८मध्ये इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरकडून कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसा, मिळाला आणि दरमहा भाडं सुरू झालं. कुटुंब दहिसरला स्वस्त जागेत राहिलं; भाड्यातला फरक आणि सगळा कॉर्पस टेनिसमध्ये गेला. आईने एकदा सोनं गहाण ठेवलं. पुढे वडिलांच्या निवृत्तीची बरीचशी रक्कम गेली आणि शेवटी नव्या फ्लॅटवर कर्ज काढलं गेलं.

खालच्या पायरीवरचा खेळ

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची तळाची पायरी म्हणजे आयटीएफच्या, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम-१५ आणि एम-२५ स्पर्धा. आकडा त्या काळच्या एकूण बक्षिसाचा, हजार डॉलरमध्ये. एम-१५मध्ये मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलं तर १५६ डॉलर. एक सामना जिंकला तर २५८, उपांत्यपूर्व फेरीत ४३८. पूर्ण स्पर्धा जिंकली तर २,१६०, म्हणजे २०२३च्या दराने पावणेदोन लाखांच्या आसपास, तोही कर कापायच्या आधी. मुख्य ड्रॉमध्ये जागा नसेल तर आधी क्वालिफाइंग (पात्रता फेरी) खेळायचं. तिथे हरलं तर हॉटेल, जेवण, विमान सगळं खिशातून.

हा मुलगा वर्षातले सात-आठ आठवडे ट्युनिशियातल्या मोनास्टीरला असे. तिथे जवळजवळ वर्षभर, आठवड्यामागून आठवडा एम-१५ होतात. एकदा गेलं की चार-पाच स्पर्धा सलग खेळता येतात आणि विमानाचा खर्च वाटला जातो. इजिप्तमधलं शर्म अल शेख आणि तुर्कस्तानातलं अंताल्या याही तशाच जागा. एकच रिसॉर्ट, तेच बुफे, तेच चेहरे. रविवारी अंतिम सामना संपतो तेव्हा शेजारच्या कोर्टवर पुढच्या आठवड्याचं क्वालिफाइंग चालू असतं.

रॅकेटच्या तारांचं उदाहरण देतो, कारण त्याच्या सीए ताईने पुढे हिशेब मांडला तेव्हा हीच ओळ पाहून सगळे थबकले. तारेचं रीळ २०० मीटरचं. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागते, म्हणजे एका रिळात सोळा रॅकेटी. जोरात फिरकी मारणाऱ्या खेळाडूची तार दिवसाला एक तुटते, आणि सामन्याच्या दिवशी ताज्या तारांच्या तीन तरी रॅकेटी हव्यात. स्पर्धेच्या जागी तार ओवून घ्यायला दर रॅकेटला पंधरा-वीस डॉलर. म्हणून त्याने जुनं तार ओवायचं यंत्र घेतलं आणि ते सामानातून सोबत नेऊ लागला. यंत्राचं वजन जास्त म्हणून विमानाला जादा पैसे. घरी असला की ते यंत्र हॉलमध्ये, टीव्हीसमोर. रात्री अकराला बातम्या संपल्या की तो बसायचा, मधल्या उभ्या तारांपासून सुरुवात करून बाहेर जायचा, मग आडव्या एक वर एक खाली विणायचा. एका रॅकेटला अर्धा-पाऊण तास. सामन्याच्या आदल्या रात्री ज्याने झोपायला हवं, तो परदेशातल्या खोलीत हेच करत बसे.

क्रमांकाचं गणितही निर्दय असतं. गुण ५२ आठवडे टिकतात. मागच्या वर्षी याच आठवड्यात उपांत्य फेरी गाठली असेल, तर ते गुण या सोमवारी जातात आणि तिथेच टिकायचं तर पुन्हा तेवढं खेळावं लागतं. २०१९मध्ये तर नियमच बदलले. जानेवारीपासून एम-१५चे एटीपी गुण, म्हणजे पुरुषांची जागतिक क्रमवारी ठरवणाऱ्या संघटनेचे गुण, बंद झाले आणि आयटीएफची वेगळी क्रमवारी आली. जगभरातल्या शेकडो खेळाडूंबरोबर यानेही एटीपी क्रमांक गमावला. ऑगस्टमध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं आणि गुण परत मिळाले, पण मधले महिने तो कशासाठी खेळतोय हेच कळेनासं झालं होतं. मग मार्च २०२०मध्ये कोविड आला आणि सगळंच थांबलं.

२०२२ हे त्याचं सर्वांत चांगलं वर्ष. वर्षाच्या शेवटी तो जागतिक क्रमवारीत पाचशेच्या आत आला. देशात एकेरीत त्याच्यापुढे मोजकेच लोक होते. पार्ल्यात सत्कार झाला, मराठी वर्तमानपत्रात फोटो आला. त्या वर्षी बक्षिसाची कमाई साधारण आठ लाख आणि खर्च बावीस लाखांच्या घरात.

जगातल्या पाचशेव्या क्रमांकाच्या डॉक्टरला, वकिलाला किंवा गवयाला घराचे हप्ते भरायची चिंता नसते. टेनिसमध्ये असते. २०१३च्या आकड्यांवर आयटीएफने स्वतःच आढावा घेतला होता. त्यात पुरुष खेळाडूचा खर्च आणि बक्षीस यांची तोंडमिळवणी साधारण ३३६व्या क्रमांकाला होते असं निघालं, आणि त्या खर्चात प्रशिक्षकाचे पैसे धरलेले नव्हते. एटीपीने २०२४पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली, तीही पहिल्या २५० जणांसाठी. या मुलात खोट होती असं कोणी समजू नये. तो तोट्यात चालणारा एक व्यवसाय होता, आणि घराने त्याच्याकडे व्यवसाय म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

दुखापत आणि न वाचलेला नियम

जून २०२३च्या शेवटी, मोनास्टीरमध्येच, सर्व्हिस परतवताना उजव्या मनगटात करंगळीच्या बाजूला कळ आली. तो आणखी दोन आठवडे पट्टी बांधून खेळला, कारण परतीचं तिकीट बदलायला पैसे पडत होते. मुंबईत एमआरआय झाला, कूर्चा फाटल्याचं निघालं. डॉक्टरांनी तीन महिने रॅकेट बंद सांगितली आणि शस्त्रक्रियेचा निर्णय पुढे ढकलला.

जखमी खेळाडूसाठी संरक्षित क्रमांकाची सोय असते. किमान सहा महिने कुठलीही स्पर्धा खेळायची नाही, आणि शेवटच्या स्पर्धेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. मग परतल्यावर ठरावीक स्पर्धांत जुन्या क्रमांकाच्या आधारे प्रवेश मिळतो. त्यामुळे थेट मुख्य ड्रॉ मिळतो, क्वालिफाइंगचे दोन-तीन सामने वाचतात. दुखऱ्या मनगटाने परतणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

पण दुखापतीनंतर पाचव्या महिन्यात राज्य संघाची निवड झाली. राष्ट्रीय पातळीवरची सांघिक स्पर्धा होती. मनगट ऐंशी टक्के बरं होतं. सर म्हणाले, दुहेरीतच खेळ, जोर लागणार नाही. वडिलांना महाराष्ट्राचा टी-शर्ट दिसत होता. तो खेळला, संघाला पदक मिळालं, आणि सहा महिन्यांची अट तिथेच मोडली. दिल्लीच्या एका सहखेळाडूने नंतर फोनवर विचारलं, “अर्ज केलास ना?” तेव्हा कुठे नियमपुस्तिका उघडली गेली.

या निर्णयाबद्दल माझं मत दोनदा बदललं; त्याचं कारण पुढे येईल. त्या क्षणी मात्र तो माहितीअभावी घेतलेला निर्णय होता. सर, फिजिओ, वडील आणि खेळाडू या चौघांपैकी कोणाचंच हे काम आहे असं ठरलेलं नव्हतं, म्हणून ते कोणीच केलं नाही.

फेब्रुवारी २०२४ : अडचण नेमकी काय होती

ताईने मला फोन केला तो फेब्रुवारीत. त्या वेळी क्रमांक हजाराकडे सरकत होता, दर सोमवारी गुण गळत होते. कर्जाचे सव्वीस लाख बाकी होते. मनगटात कळ होती. चार वर्षांपासूनची मैत्रीण बीकेसीला खासगी बँकेत नोकरीला होती. तिच्या घरी ठाण्याला “मुलगा काय करतो?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला ती कंटाळली होती. तिने लग्नाची तारीख कधीच मागितली नाही. ती एवढंच म्हणायची, “काय ते ठरव, म्हणजे मला माझं ठरवता येईल.”

आणखी एक गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. पहिल्या भेटीत त्याने ती मला सांगितली. हरल्यानंतर फोनवर शिव्यांचे मेसेज यायचे. सट्टा लावून पैसे घालवलेल्या अनोळखी लोकांचे, कधी आईवडिलांचं नाव घेऊन, कधी मनगट मोडण्याच्या धमकीसह. आणि मागच्या वर्षी एकाने सरळ विचारलं होतं : दुसऱ्या सेटमधला सर्व्हिसचा एक गेम सोड, आठवड्याचं हॉटेल निघेल. त्याने त्याच रात्री स्क्रीनशॉट काढून टेनिसच्या सचोटी संस्थेकडे, आयटीआयएकडे, तक्रार केली. नियमाप्रमाणे नुसता नकार पुरत नाही. कळवलं नाही तर तोही गुन्हा ठरतो आणि बंदी येऊ शकते. खिशात पैसे नसताना, परक्या देशातल्या खोलीत एकट्याने घेतलेला हा निर्णय या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ निर्णय आहे, आणि तो घरी सांगायचीही त्याला लाज वाटत होती.

वडिलांची बाजू वेगळी होती. जानेवारीत सुमित नागलने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं होतं. रमेश कृष्णननंतर, म्हणजे १९८९नंतर, पहिल्यांदाच भारतीयाने ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवलं. आणि त्याच नागलने चार महिन्यांपूर्वी, खात्यात ९०० युरो उरलेत असं जाहीरपणे सांगितलं होतं. वडील म्हणत, “बघा, त्याने सोडलं असतं तर?”

या प्रश्नाला उडवून लावणं मला योग्य वाटलं नाही. आम्ही आकडे समोर ठेवले. नागल त्या वेळी दीडशेच्या आत होता. त्या क्रमांकाला ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगमध्ये थेट प्रवेश असतो आणि मेलबर्नला त्या वर्षी पहिल्याच क्वालिफाइंग सामन्यात हरणाऱ्यालाही ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे सतरा लाखांच्या आसपास. यांच्या मुलाचं आयुष्यातलं सर्वोत्तम वर्ष एका हरलेल्या सामन्याइतकंही नव्हतं. हे ऐकून वडील उठून आत गेले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आणखी एक पूर्ण मोसम परदेशात. किमान अठरा लाख लागले असते आणि कर्ज वाढवावं लागलं असतं.

दुसरा, फक्त दुहेरी. रोहन बोपण्णा त्याच जानेवारीत ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकून जगात पहिला झाला होता, युकी भांबरीने दुखापतींनंतर दुहेरीचा रस्ता धरला होता. मनगटालाही हे सोपं. पण दुहेरीत पैसा चॅलेंजरपासून, म्हणजे आयटीएफच्या वरच्या पायरीपासून, पुढे सुरू होतो, तिथे दोघांच्या क्रमांकाची बेरीज पाहून प्रवेश मिळतो, आणि वरच्या क्रमांकाचा जोडीदार खालच्या क्रमांकाच्या माणसाला हो का म्हणेल? तीन जणांना विचारलं, तिघांनी सभ्यपणे नाही म्हटलं.

तिसरा, प्रशिक्षण. पश्चिम उपनगरातली एक अकादमी महिना सत्तर हजार द्यायला तयार होती, वर खासगी तासांचे पैसे. पाचशेच्या आत गेलेल्या माणसाला मुंबईत मागणी असते. मला स्वतःला हा पर्याय सर्वांत भक्कम वाटत होता. पण त्याला लहान मुलांना शिकवण्यात अजिबात रस नव्हता, आणि दिवसाला सहा तास मुलांना चेंडू टाकत राहणं मनगटाला सोसलं नसतं.

चौथा, क्रीडा कोट्यातली सरकारी नोकरी. इथे एक अडथळा होता जो बऱ्याच टेनिसपटूंच्या लक्षात येत नाही. आयटीएफच्या स्पर्धा खेळाडू स्वतःच्या नावाने खेळतो. देशाचं किंवा राज्याचं प्रतिनिधित्व म्हणून त्या धरल्या जात नाहीत. कोट्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, देशाच्या, राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं. जगात पाचशेच्या आत जाऊन आलेल्या या खेळाडूकडे असं प्रमाणपत्र एकच होतं, त्याच सांघिक स्पर्धेचं, जिच्यामुळे त्याचा संरक्षित क्रमांक गेला होता.

पाचवा पर्याय त्यानेच मांडला. जर्मनीत क्लबांची लीग असते, गावागावांतले क्लब वेगवेगळ्या पातळ्यांवर मे ते जुलै खेळतात आणि परदेशी खेळाडूला दर सामन्याचे ठरलेले पैसे, राहणं आणि कधीकधी मुलांना शिकवण्याचे तास देतात. त्यातले जून-जुलै म्हणजे मुंबईतले नेमके पावसाचे महिने.

काय ठरलं, कसं ठरलं

मार्चमधल्या एका रविवारी सगळे पार्ल्याच्या घरी बसले. ताईने सात वर्षांचा हिशेब छापून आणला होता, बँकेच्या पासबुकांवरून आणि त्याच्या मेलमधल्या तिकिटांवरून जमवलेला. वडील कागद न उलटता पहिल्याच पानावर थांबले होते. बोलणं पैशांवरून आवाज चढण्याकडे चाललं असताना आईने विचारलं, “मनगट दुखतंय का रे अजून?”

तो म्हणाला, “हो. रोज.”

“कधीपासून?”

“थांबलंच नाही कधी.”

नऊ महिन्यांत हा प्रश्न घरात कोणी सरळ विचारला नव्हता. डॉक्टर काय म्हणाले, फिजिओ काय म्हणाले, कोर्टवर कधी उतरणार, एवढंच विचारलं जायचं. त्यानंतर पूर्ण मोसमाचा पर्याय कोणी काढला नाही.

ठरलं ते एका पानावर लिहिलं गेलं. मे ते जुलै जर्मनीतला क्लब. ऑक्टोबर ते मार्च फक्त भारतातल्या आयटीएफ स्पर्धा, कारण तिथे रेल्वेने जाता येतं आणि घरचं खाणं मिळतं. वर्षाला घरातून सहा लाखांची मर्यादा, कर्जात एका रुपयाची भर नाही. ३१ मार्च २०२५ला क्रमांक सातशेच्या आत नसेल तर एकेरी बंद. सामन्यानंतर चोवीस तास करिअरविषयी काहीही ठरवायचं नाही, जिंकला तरी आणि हरला तरी. क्रीडा कोट्याच्या जाहिराती ताई पाहील आणि अर्ज तो करेल. लग्नाची नोंदणी डिसेंबरपर्यंत, टेनिसचं काहीही होवो.

आईने, ताईने आणि त्याने सही केली. वडिलांनी केली नाही. म्हणाले, “तुमचं ठरलंय ना, मग माझी कशाला?” मी आग्रह धरला नाही, कारण न पटता केलेली सही पहिल्या पराभवानंतर कोणी पाळत नाही.

काय झालं

जर्मनीत तो एका छोट्या गावात क्लबच्या सभासदाच्या घरी राहिला. लाल मातीची कोर्टं, मंद उसळी, मनगटाला सुसह्य. शनिवार-रविवारी सामने, मधल्या दिवसांत प्रौढ सभासदांना शिकवणं. मोठ्या माणसांना शिकवायला आवडतं हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. खर्च वजा जाता चारेक लाख हातात घेऊन तो परतला. टेनिसमधून घरी शिल्लक आणण्याची ही पहिलीच वेळ.

ऑक्टोबरपासून कर्नाटकात, मध्य प्रदेशात, दिल्लीत स्पर्धा झाल्या. एकेरीत दोनदा उपांत्यपूर्व फेरी, दुहेरीत एकदा अंतिम फेरी. फेब्रुवारीत एका एम-२५मध्ये त्याने चौथ्या मानांकित युरोपीय खेळाडूला तीन सेटमध्ये हरवलं, आणि चोवीस तासांचा नियम तेव्हाच सर्वांत उपयोगी पडला. वडिलांनी रात्री फोन करून “अजून एक वर्ष बघू या” म्हटलं, तो म्हणाला उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं होतं आणि पुढचा सामना त्याने अर्ध्यावर सोडला. ३१ मार्चला क्रमांक हजाराच्या बाहेर होता. एकेरी तिथे थांबली.

त्याआधी, डिसेंबरमध्ये, नोंदणी पद्धतीने लग्न झालं, साक्षीदार चार, जेवण घरी.

नोकरीचा अर्ज केंद्र सरकारच्या एका खात्यात होता. सांघिक स्पर्धेचं प्रमाणपत्र ग्राह्य धरलं गेलं, मैदानी चाचणी झाली, निवड झाली. पण पदवी नसल्यामुळे वरच्या दोन पदांसाठी तो पात्रच नव्हता. मिळालं ते तळाचं पद, वेतनश्रेणी लेव्हल १, मूळ वेतन १८,००० आणि त्यावर भत्ते. अकादमीच्या पगाराच्या निम्मं. खासगी शिकवणीसाठी खात्याची परवानगी लागते आणि ती अजून मिळालेली नाही. तरी त्याने हेच निवडलं, आणि त्याची कारणं मला पटली. उपचारांची सोय आहे, हप्त्यापुरती खात्रीची रक्कम दरमहा येते, आणि खात्याच्या संघातून दुहेरी खेळता येते. कर्जाचा मोठा भाग वडिलांच्या पेन्शनमधून जातो, दहा हजार तो देतो. वडील अजून त्याच्या कोणत्याही सामन्याला गेलेले नाहीत. हे सुटलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अमेरिकेच्या शिष्यवृत्तीवर लोक पहिलं बोट ठेवतात. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही; अर्ध्या शिष्यवृत्तीचा उरलेला अर्धा भाग या कुटुंबाला झेपणारा नव्हता. चूक त्याच्या शेजारी घडली. पदवी सोडली जाऊ द्यायला नको होती. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात अगदी कमी पैशांत, प्रवास करत ती पूर्ण झाली असती. एका रिळाच्या तारांच्या खर्चात वर्षाची फी निघाली असती, असं ताईने नंतर हिशेब करून दाखवलं.

अटी लिहायची योग्य वेळ २०२२ची होती, तो पाचशेच्या आत असताना. तेव्हा घर आनंदात होतं, क्रमांक चांगला म्हणून जर्मन क्लबाने वरच्या पातळीवर जास्त पैसे दिले असते, दुहेरीचे जोडीदार हो म्हणाले असते. आपल्याकडे थांबण्याच्या अटी यश असताना काढणं अशुभ मानलं जातं, म्हणून त्या पडझड झाल्यावर घाईत लिहिल्या जातात.

घरात सीए असताना हिशेब सात वर्षं मांडला गेला नाही, कारण टेनिस हे वडिलांचं खातं मानलं गेलं होतं आणि मुलगी परक्या घरी गेली होती. खेळाडूच्या कुटुंबांत मी हे पुन्हा पुन्हा पाहतो. ज्याला स्वप्न आहे त्याच्याच हाती वही असते.

आणि ती सांघिक स्पर्धा. नियम वाचला असता तर तो कदाचित खेळला नसता, संरक्षित क्रमांक मिळाला असता आणि परदेशात पाच-सहा मुख्य ड्रॉ मिळाले असते. मनगटाची अवस्था पाहता त्यातून फार काही निघालं असतं असं मला वाटत नाही, आणि नोकरीचं दार मात्र बंद राहिलं असतं. तरीही नियम वाचायला हवा होता. मग तो राज्याकडून खेळला असता तर काय सोडतोय हे माहीत असून खेळला असता, आणि नंतरचे चार महिने स्वतःला दोष देण्यात गेले नसते. आता मी प्रत्येक कुटुंबाला एक नाव ठरवायला सांगतो : नियमपुस्तिका, प्रवेशाच्या तारखा आणि प्रमाणपत्रं कोण सांभाळणार. ते नाव प्रशिक्षकाचं नसावं, कारण त्याचं लक्ष सामन्यावर असतं आणि तिथेच असायला हवं.

त्याने आता मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं आहे. पदवी झाली की खात्यांतर्गत बढतीच्या परीक्षेला बसता येईल. या वर्षी पेपर आणि आंतरविभागीय टेनिस स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या. संघाला तो हवा होता. त्याने साहेबांना लेखी अर्ज देऊन पेपरांसाठी रजा मागितली आणि ती मंजूर झाली.